काळं सॅम्पल

झरीतल्या आपल्या कृषी सेवा केंद्रात बन्सीधरने काउंटरखालच्या कप्प्यात हात घातला, तेव्हा तीन काळ्या बाटल्यांच्या जागी त्याच्या हाताला मागच्या हंगामातलं सोयाबीनचं एक पाकीट लागलं. त्याने हात आणखी आत घातला. मग डोकंही घातलं.

"ऐकलं का," डोकं बाहेर काढून त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, "हितं काही बाटल्या होत्या."

त्याची बायको राजेश्री खताच्या पोत्यांवरची धूळ झटकत होती. "सॅम्पलच्या? दोन दिल्या चंद्रभान भाऊजींला. सकाळपासून डोकं खायलालते, वांग्याला काहीतरी द्या म्हणून."

"अन तिसरी?"

"फुटली. झाडताना."

बन्सीधरने फरशीकडे पाहिलं. फरशीवर काच नव्हती, डाग नव्हता, ओल नव्हती. पण जास्त चौकशी करण्याच्या स्थितीत तो नव्हता.

राजेश्रीची चूक म्हणावी, तर तसंही नव्हतं. कंपन्यांचे लोक हंगामाच्या तोंडावर बिनलेबलच्या बाटल्या दुकानात ठेवून जातात आणि एखादा शेतकरी त्या फुकटात दोन ओळींवर वापरून बघतो. त्यातलं मुळांना द्यायचं ह्युमिक ॲसिड काळंभोर असतं. आणि बन्सीधरचा पुतण्या योगीराज, जो पुण्यात बियरच्या कारखान्यात नोकरीला होता, त्याने आणलेली स्टाऊट नावाची बियरही काळीभोरच होती.

"काका, ही गटागटा ढोसायची बियर न्हाई," योगीराजने बजावलं होतं. "तिन्ही येगयेगळ्या हायेत. एकीनंतर दुसरी चाखायची अन फरक बगायचा. दुधाची साखर घातलेली सगळ्यात शेवटी. अन फ्रीजमध्ये ठिवू नका, थंडगार केली की चव मरती."

बन्सीधरच्या घरात चहापेक्षा कडक पेय आजवर आलं नव्हतं. म्हणून त्याने लेबलं पाण्यात भिजवून काढली आणि बाटल्यांवर एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. चाखायला जोडीदार हवा, म्हणून निवृत्त कृषी पर्यवेक्षक तात्याराव यांना विश्वासात घेतलं. जीभ साफ राहावी म्हणून दोघांनीही आठवडाभर ठेचा सोडला. या भागात माणूस ठेचा सोडतो तो एक तर दवाखान्यात, नाही तर त्याहून पुढे गेल्यावर.

तात्याराव ठरल्या वेळी दुकानात आले ते इस्त्रीचा सदरा घालूनच. बन्सीधरने त्यांना बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. तात्यारावांनी चष्मा पुसला. "त्यानं झाडांच्या बुडाशी आळवणी करायच्या आत गाठलं पाहिजे," ते म्हणाले, आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेसुद्धा.

चंद्रभानच्या शेतातल्या आखाड्यावर पोचले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वांग्याच्या ओळींच्या तोंडाशी एक आणि दोन नंबरच्या काड्या रोवलेल्या होत्या, आणि बुंध्यांशी माती काळी ओली झाली होती. चंद्रभान डबा विसळत होता.

"लय जोरदार औषध हाय, बन्सीशेठ," तो म्हणाला. "टोपण उघडलं की फेसच फेस. असली माल हाय म्हनलं. वास मातर वळखीचा वाटायलाय, पर कुठला ते ध्यानात येईना."

"सगळं ओतलं?" बन्सीधरचा आवाज जरा चिरकला.

"अर्धं अर्धं. अर्धं आठ दिसानं देतो."

लिंबाच्या सावलीत दोन्ही बाटल्या उभ्या होत्या. तोंडात सरकीसकट कापसाचे बोळे होते. बन्सीधरला खरं सांगता येत नव्हतं, कारण चंद्रभानला सांगितलेली गोष्ट सूर्य मावळायच्या आत राजेश्रीपर्यंत पोचत असे. त्याने तात्यारावांकडे पाहिलं. तात्यारावांनी तीस वर्षांची नोकरी आवाजात आणली.

"चंद्रभान, या लॉटची तपासणी करावी लागेल. चहाचे ग्लास आण."

"पिकाचं औषध तोंडात घालणार, सायेब?"

"सेंद्रिय आहे. सातू भाजून, आंबवून करतात. याची शुद्धता जिभेवरच कळते."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तात्यारावांच्या तपासणी अहवालांबद्दल असं पहिल्यांदाच म्हणता येत होतं.

दोघे बाजेवर बसले. एक नंबर ग्लासात आली. बन्सीधरने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कडू हाय. पर कारल्याचं कडू न्हाई. करपलेल्या भाकरीचं."

"मागून हुरड्याच्या आगटीचा धूर येतोय," तात्याराव म्हणाले. "बरोबर. शुद्ध आहे."

मग दोन नंबर. ही ओट्स घातलेली होती.

"ही मऊ हाय," बन्सीधर म्हणाला. "जिभेवरून साय सरकल्यावाणी. अन तळाला काकवी."

"काकवी कुठली? गोडंबी आहे ती. भाजलेली गोडंबी."

"काकवी हाय, साहेब. आमच्या घरी गुऱ्हाळ होतं."

"गुऱ्हाळ असून ही गत?"

वाद मिटवायला आणखी एकेक घोट लागला. तरी मिटला नाही. चंद्रभान आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. "मंग मीबी बगतो की," म्हणत त्याने ग्लास पुढे केला, प्याला, आणि उकिडवा बसला.

"वांग्याला सोसंल का हो हे?"

"का? काय झालं?"

"न्हाई, मला पायाला हलकं वाटायलंय."

घरी परतताना बन्सीधर समाधानी होता. सल होता तो एकच. सगळ्यात शेवटी चाखायची ती तिसरी बाटली फुटली होती. तिची चव काकवीची की गोडंबीची, हे आता कोण सांगणार?

पुढे तोडणीपर्यंत चंद्रभान दिवसातून चारदा त्या ओळींकडे बघायला जाई आणि गेल्यासारखं तणही उपटून येई. त्याचाही काही वाटा असावा, पण दोन नंबरच्या ओळीत वांग्यांना अशी चकाकी आली, की शेजारपाजारचे लोक बांधावर उभे राहून बघू लागले. "दोन नंबरचं औषध कवा येणार?" असं दुकानात येऊन विचारू लागले. बन्सीधर म्हणे, "कंपनीनं बंद केलं."

एका संध्याकाळी राजेश्रीने त्याच्यापुढे ताट ठेवलं. ताटात भरताच्या दोन वाट्या होत्या.

"चंद्रभान भाऊजींनी दोन्ही ओळींतली वांगी दिली. चाखा अन सांगा, कोनतं कितव्या नंबरचं."

बन्सीधरचा घास हातातच राहिला.

"तुला कवा कळलं?"

"आठ दिस ठेच्याला हात लावला न्हाई, तवाच म्हनलं काहीतरी हाय. मंग चिठ्ठ्या दिसल्या. कंपनीवाले तुमच्या अक्षरात लिवतात काय?"

"अन म्हाईत असून वांग्याला दिली?"

"तात्याराव साहेबांला सांगितलं, योगीराजला म्हाईत, फक्त मलाच सांगितलं न्हाई. म्हनलं, मंग वांग्यालाबी कळू द्या."

बन्सीधरने गुपचूप दोन्ही वाट्यांतलं भरीत चाखलं. डावीकडचं मऊ होतं. "हे दोन नंबरचं," तो म्हणाला. राजेश्रीने मान हलवली, आणि ती बरोबरची होती की चुकीची ते कळायच्या आधीच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली होती. तिच्यावर चिठ्ठी होती, तीन.

"ही तर फुटली म्हनलीस."

"रांजणामागं ठिवली होती. योगीराजला फोन केला तवा तो म्हनला, फ्रीजमध्ये चालत न्हाई." तिने ओळीने तीन ग्लास मांडले. "साहेबांला बोलवून घ्या."

बन्सीधर फोन शोधायला उठला.

"अन ती ठेच्याची वाटी आदी तिकडं सारा," राजेश्री म्हणाली. "जीभ बिघडती."