अवलंबून कोणी नाही

रंगाच्या दुकानदाराने वॉर्डाची निवडणूक लढवायची ठरवली, तेव्हा हिशेब सरळ होता. निवडून आलं की शाळा-इस्पितळांच्या भिंती रंगवायचं कंत्राट मेव्हण्याच्या नावावर, वर दारावर नगरसेवकाची पाटी. खर्च पक्षाचा. आपण फक्त मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरायचं.

"वडील तुमच्यावर अवलंबून आहेत?" वकिलाने विचारलं. "असतील तर त्यांचीही मालमत्ता दाखवावी लागेल."

"त्यांच्याकडे काय उरलंय! घर, दुकान, सगळं गेल्याच वर्षी माझ्या नावावर केलं त्यांनी."

"मग विरोधक बोंबलणार, म्हाताऱ्याला नागवलं म्हणून."

दुकानदाराने डोकं खाजवलं. "लिहा, अवलंबून कोणी नाही. एक ओळ तर आहे."

प्रतिज्ञापत्रं कचेरीबाहेरच्या फलकावर लागली. मुलाचं नाव छापून आलंय म्हणून त्याचे वडील, नाना, कौतुकाने वाचायला गेले. परत आले, घराची किल्ली खिळ्याला अडकवली आणि पलंगाखालून ट्रंक ओढली.

"नाना, हे काय?" सून दारात आडवी आली.

"शपथेवर लिहिलंय त्याने. खोटं ठरलं तर उमेदवारी जाईल पोराची. खरं करायला नको?"

दुसऱ्या दिवशी नाना बुटांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसले, राखणदार म्हणून. राहायला मागची खोली, स्वयंपाकाला स्टोव्ह. मुलगा धावत आला.

"घरी चला हो. रागावलात का माझ्यावर?"

"रागावलो असतो तर घरीच बसलो नसतो का? हळू बोल, कोणी ऐकेल."

मुलाने डबा पुढे केला. नानांनी आधी खिशातून पैसे काढले. "फुकट खाल्लं तर अवलंबून झालो की!"

विरोधकांनी तक्रार केलीच. चौकशीला आलेल्या साहेबाला नानांनी पगाराची पावती दाखवली, स्टोव्ह दाखवला, वर चहाही पाजला. तक्रार फेटाळली गेली. एवढ्या मानी बापाचा मुलगा खाऊन खाऊन किती खाणार, असं म्हणत लोकांनी मतं दिली. दुकानदार निवडून आला.

मिरवणूक बुटांच्या दुकानाशी थांबवून तो खाली उतरला. "आता तरी चला, नाना. झालं ना सगळं?"

"झालं कुठे? निवडून आलेल्याला दरवर्षी नव्याने भरावं लागतं म्हणे ते प्रतिज्ञापत्र." नानांनी त्याच्या खांद्यावरचा गुलाल झटकला. "जा, लोक खोळंबलेत."

कंत्राट मेव्हण्याला मिळालं. दारावर पाटी लागली. खिळ्यावरची किल्ली तिथेच आहे. रोज दुपारी नगरसेवक स्वतः डबा घेऊन जातात, आणि नाना हातावर ठेवतील ते पैसे मान खाली घालून घेतात.

निवडणुकीचा खर्च पक्षाने केव्हाच चुकता केला. नाना अजून भरतायत.