तारीख नसलेला फ्लेक्स

नगरच्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयातून अजिनाथला मुलाखतीचा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला : 'जुने कागदपत्र विभागाच्या साहेबपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून त्याचे चुलते सूर्यभानतात्या, अजिनाथपेक्षा मोठ्या फोटोत.

"तात्या, आवो नुसती मुलाखत हाय," अजिनाथ कळवळला.

"बोलावलं म्हंजे घेतलंच की. न घ्यायला कोन बोलावतं?"

अजिनाथला हा बाजार पुरता ठाऊक होता. पोथ्या आणि दस्तऐवज सांभाळण्याचं शिक्षण घेतल्यापासून तो जाहिरातीच वाचत होता. मोडी यावी, संस्कृत यावं, फाटका कागद जोडता यावा, स्कॅनर चालवावा, फेसबुक सांभाळावं. अनुभव दांडगा, वय कोवळं आणि नेमणूक अकरा महिन्यांची. एवढं सगळं येणारा माणूस शोधायचा तर पोथीतच शोधायला हवा होता.

इकडे अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरगावात बांधाचं भांडण नाही असं घर नव्हतं. जुने कागद आपल्याच पोराच्या हाती आले, एवढंच लोकांना फ्लेक्सवरून कळलं. मुलाखतीच्या सकाळी तात्यांची जीप आली ती भरूनच. तिथं जमिनीचे कागद नसतात, पोथ्या असतात, हे अजिनाथ संगमनेरपर्यंत सांगत राहिला. "आधी बघू तर दे," असं प्रत्येकानं म्हटल्यावर त्यानं नाद सोडला.

संचालकबाईंनी त्याच्याकडून मोडी वाचून घेतली आणि चष्मा काढला. "येतं तुम्हाला सगळं. पण आमच्याकडे वर्षभरात एक वाचक फिरकलेला नाही. विश्वस्त हे पदच बंद करायला निघालेत. माणसं कुठून आणाल?"

अजिनाथ उत्तर जुळवत होता, तोच दार ढकलून शेजारची बनुबाई आत आली. मागं व्हरांडाभर टोप्या.

"अजिनाथ, तुझं व्हईपत्तर आमचे कागद तरी काढाया सांग."

बाई उठून उभ्याच राहिल्या. "हे सगळे जुने कागद बघायला आलेत?"

"हो," अजिनाथ म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"रोज येतील?"

"सापडंपत्तर रोज येऊ," बनुबाईनं बजावलं.

दुपारी विश्वस्तांनी अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर सही केली. बनुबाईला बांध काही सापडला नाही. पण एका पोथीतली चित्रं तिला इतकी आवडली, की तिला उठवून जीपमध्ये बसवावं लागलं.

परतताना फाट्यावर उतरून अजिनाथनं फ्लेक्सकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तात्या, तारीख टाकायची राह्यली."

"मुद्दामच न्हाई टाकली," तात्या तंबाखू मळत म्हणाले. "आज न्हाई तर उद्या, लागनारच हुतास तू."

अजिनाथ रस्त्यातच वाकून त्यांच्या पाया पडला.

"ऊठ," तात्या म्हणाले. "आन त्यो फ्लेक्स काढायचा न्हाई. अकरा म्हैन्यांनी परत लागंल."