हिरव्या कपाटातले चौदा सेकंद

ग्रंथपाल मॅडम वरच्या मजल्यावरून खाली आल्या तेव्हा बाई मखमलीची रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसत होत्या. शेकडो रेकॉर्डींतून नेमकी तीच हातात असावी, याला काय म्हणायचं. मॅडमनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"बाई, ह्याचं तोंड पाहवत नाही हो आता."

मखमली म्हणजे तो प्रेमगीतं गाणारा. आवाजामुळे त्याला ते नाव पडलं होतं. नदीकाठच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरवा, असं त्याने एका सभेत सांगितलं होतं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं होतं. बाईंनीही ते वाचलं होतं. वाचून झाल्यावर भांडी घासताना त्या त्याचंच गाणं गुणगुणत होत्या, आणि हे लक्षात आल्यावर त्यांनी नळ मोठा सोडला होता.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावरचा रेकॉर्ड विभाग बाईंनी तीस वर्षं सांभाळला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आठवड्यातून तीन सकाळी त्यांना बोलावणं असे. कुठली रेकॉर्ड कुठे आहे हे कॉम्प्युटरला अर्धवट माहीत होतं, बाईंना पुरतं. शिवाय कुणी कुणाशी लग्न केलं, कुणाचं कुणाशी का फाटलं, कोण कुठल्या मैफलीत तर्र होऊन आला, हेही त्यांच्या डोक्यात तारीखवार होतं.

मॅडमचं म्हणणं असं की कला आणि कलाकार वेगळे ठेवता येतात, फक्त तशी व्यवस्था हवी. व्यवस्था म्हणून मखमलीच्या सगळ्या चेहऱ्यांवर खाकी कागद चिकटवायचं ठरलं. गाणं राहील, माणूस झाकला जाईल. बाईंनी एक अख्खी सकाळ खपून बावीस चेहरे झाकले. दोन दिवसांत बावीसही कागदांचे कोपरे नखांनी उचकटलेले होते, आणि खाली नक्की कोण आहे हे विचारायला अशी माणसं येऊन गेली ज्यांनी मखमलीला कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

मग समितीचे अध्यक्ष मध्ये पडले. हे वकीलसाहेब. मॅडम ज्या बाजूच्या, त्याच्या बरोबर उलट बाजूचे. मखमलीचं भाषण त्यांना मनापासून पटलं होतं. पण ते म्हणाले, झाकायचंच असेल तर एकट्याला का, तो ट्रम्पेटवालाही झाका, ज्याने सैनिकांविरुद्ध पत्र लिहिलं. मॅडम म्हणाल्या की त्या पत्रासाठी तर त्याचा पुतळा उभारायला हवा. बराच वेळ असं चालल्यावर दोघांचं एका गोष्टीवर जमलं: दोघांपैकी एकाचाही ज्याच्यावर आक्षेप असेल, तो हिरव्या कपाटात. बाकीचे पांढऱ्यात. हिरव्या कपाटाला कुलूप, शेजारी एक वही. वहीत प्रत्येक रेकॉर्डपुढे शेरा. रेकॉर्ड हवी असेल त्याने शेरा वाचायचा आणि खाली "वाचले, समजले" असं लिहून सही करायची.

"आणि साथीदारही धरायचे," वकीलसाहेब म्हणाले. "साथ म्हणजे सहभाग. कायदा तेच सांगतो."

शेरे लिहायचे कुणी, हा प्रश्नच नव्हता. दोघांनी एकदम बाईंकडे पाहिलं. बाईंची नजर मात्र त्या "साथीदारही" शब्दाने तिसऱ्या फळीकडे गेली होती.

त्याला कारण होतं. तिसऱ्या फळीवर एका शाळामास्तरणीची रेकॉर्ड होती. तिने आयुष्यात सहा गाणी गायली आणि परत शाळेत जाऊन भूगोल शिकवायला लागली. तिने कुणाला कधी मत दिलं असेल तर ते पेटीत, तोंडाने नाही. त्या रेकॉर्डवरच्या दुसऱ्या गाण्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यांच्या मध्ये, चौदा सेकंद एकटं व्हायोलिन वाजतं. ते बाईंच्या यजमानांचं. त्यांचं नाव कुठेही छापलेलं नाही. बावीस वर्षं घरोघर शिकवण्या केल्या, लग्नांत वाजवलं, पण जगात त्यांचा म्हणून जो काही आवाज उरला होता तो एवढाच. बाईंनी घड्याळ लावून मोजलेले होते, चौदा.

आणि ही रेकॉर्ड धोक्यात होती. जी रेकॉर्ड दोन वर्षांत एकदाही बाहेर गेली नाही ती डिसेंबरच्या तपासणीत काढून रद्दीवाल्याला द्यायची, असा नियम होता. शाळामास्तरणीला शेवटचं नेलं होतं ते एका शिंपिणीने, मागच्याच्या मागच्या डिसेंबरात. बाईंनी स्वतः नेली असती, पण कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी नेलेलं धरायचं नाही, असाही एक नियम होता. तो तीस वर्षांपूर्वी बाईंनीच करून घेतला होता, कारण तेव्हाचा कारकून आपल्या मेहुण्याचे ढोल दरवर्षी असेच जगवत होता. तेव्हा बाईंना तो फार न्याय्य वाटला होता.

तर बाई शेरे लिहायला बसल्या. एकदा बसल्यावर मात्र त्यांना थांबता येईना. पियानो इतका हळुवार वाजवणारा तो बुटका, फाशीचे वापरलेले दोर जमवायचा आणि नवीन दोर मिळाला की पाहुण्यांना दाखवायचा. अंगाईगीतांची ती मावशी, स्वतःच्या चारही पोरांना वसतिगृहात टाकून सुट्टीतसुद्धा घरी आणायची नाही. प्रत्येक ओळ लिहिताना त्यांना ते ते गाणं आठवे, आणि बुटक्याच्या दोरांबद्दल लिहिताना त्यांचा डावा हात टेबलावर त्याचाच ताल धरी. हे काय आहे, असं त्यांनी हाताला मनातल्या मनात विचारलंही. हात थांबला नाही.

ज्याला काही मत होतं, तो मॅडमच्या किंवा वकीलसाहेबांच्या तावडीतून सुटलाच नाही. महिनाभरात हिरव्या कपाटाची दारं लागेनात, आणि पांढऱ्या कपाटात उरले अग्निशामक दलाचा बँड, जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज, टायपिंग शिकवणारी एक रेकॉर्ड आणि शाळामास्तरीण. तिच्यापुढे बाईंनी लिहिलं, "काही नाही." साथीदारांच्या रकान्यातही "काही नाही." खोटं लिहायची सवय नसल्यामुळे तो दुसरा "नाही" जरा वाकडा आला.

कारण काही होतं. यजमानांना जनरलसाहेबांचं वेड होतं. दूरच्या एका देशाची सत्ता बळकावून बसलेला हा सेनापती. वर्तमानपत्रं बंद, विरोध करणारी माणसं नाहीशी. यजमान रेडिओला कान लावून त्याची भाषणं ऐकत. एक शब्द कळत नसे, पण म्हणत, "माणूस तालात बोलतो." हेच यजमान स्वयंपाकघरातल्या मुंग्या पोस्टकार्डावर घेऊन दोन जिने उतरून बागेत सोडून येत. बाईंना दोन्ही माणसं एका सदऱ्यात बसवता यायची नाहीत.

एकदा त्यांनी जनरलसाहेबांना पत्र पाठवलं, की आपल्या लष्करी बँडमधली बासरी किंचित उतरलेली आहे. उत्तर आलं. शिक्क्याचा कागद, आभार आणि सहीचा फोटो. महिन्याभराने रेडिओवर बँड लागला तर बासरी स्वच्छ सुरात. यजमान आनंदाने खुर्चीतून उठले. बाईंनी विचारलं होतं, "बासरीवाला तोच आहे, की दुसरा?"

यजमान व्हायोलिनच्या गजाला राळ घासत बसले, बराच वेळ.

तो फोटो व्हायोलिनच्या पेटीच्या झाकणाला आतून अजून लावलेला होता. यजमान गेल्यावर त्यांची धाकटी बहीण, म्हणजे बाईंची नणंद, बाईंकडे राहायला आली. भावाच्या वस्तूंना तीच हात लावी. दर रविवारी पेटी उघडून फोटोची काच रुमालाने पुसायची, हे तिचं काम. तिने कधी काही विचारलं नाही आणि बाईंनी कधी काही सांगितलं नाही.

सप्टेंबरपासून एक वेगळाच प्रकार सुरू झाला. हिरव्या कपाटापुढे रांग लागायला लागली. लोक वही वाचायला येत. वाचून झाल्यावर नुसतं जाणं बरं दिसत नाही म्हणून सही करून एखादी रेकॉर्ड नेत. ज्यांच्या घरी वाजवायचं यंत्र नव्हतं तेही नेत. बुटक्याच्या पियानोला तीन आठवड्यांची वाट पाहावी लागे. शहाणीसुरती माणसं दोर किती होते, हे विचारत. पांढऱ्या कपाटाकडे फक्त एकदा एक गृहस्थ वळले, आणि त्यांनाही छत्री टेकवायला जागा हवी होती.

बाईंनी शाळामास्तरणीसाठी जीव टाकून प्रयत्न केले. रांगेतल्या एका दंतवैद्याला म्हणाल्या, "ही नेऊन बघा ना. फार गोड गळा आहे."

"काय केलंय तिने?" दंतवैद्याने विचारलं.

"काही नाही. भूगोल शिकवायची."

दंतवैद्याने मान हलवली, जशी तो निरोगी दाताकडे पाहून हलवत असावा, आणि बुटक्यासाठी नाव लिहिलं.

डिसेंबर उजाडला. तपासणीला आठ दिवस राहिले. त्या रविवारी नणंदबाई पेटी उघडून बसल्या असताना बाई समोर जाऊन बसल्या.

"वन्सं, एक विचारू? हा फोटो कुणाचा वाटतो तुम्हाला?"

"कुणाचा म्हणजे? दादाचे गुरुजी ना?"

"गुरुजी नव्हेत. ते जनरलसाहेब आहेत."

नणंदबाईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर सरकवला. "टोपी आहे खरी. मग गुरुजी सैन्यात होते का?"

"वन्सं, व्हायोलिनशी त्यांचा काही संबंध नाही. ते एका देशाचे हुकूमशहा होते. माणसं मारली त्यांनी. आणि ह्यांना ते आवडायचे."

मग बाईंनी पत्राचं, शिक्क्याचं, बासरीचं सगळं सांगितलं. शेवटी नणंदबाईंनी विचारलं, की आपण बारा वर्षं काच पुसली ती ह्याची? बाई हो म्हणाल्या. नणंदबाईंनी हातातल्या रुमालाकडे पाहिलं आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तसाच धरून बसल्या.

"तुम्ही आत्ता का सांगताय हे, वहिनी?"

"मला ते लिहायचंय. वहीत."

"माझ्या दादाची बदनामी करणार? चारचौघांत?"

"नाही लिहिलं तर पुढच्या सोमवारी दादा रद्दीत जातील," बाई म्हणाल्या. "स्वच्छ माणसाला कुणी नेत नाही हो, वन्सं. मी चार महिने बघतेय."

नणंदबाई उठून आत गेल्या. दोन दिवस बाईंशी बोलल्या नाहीत. चहा मात्र करून ठेवत, झाकून.

मंगळवारी बाईंनी "काही नाही" खोडलं आणि शेरा लिहिला. लिहिताना त्यांनी काही लपवलं नाही आणि काही फुगवलंही नाही. मुंग्या लिहिल्या, पोस्टकार्ड लिहिलं, फोटो, पत्र आणि शेवटी बासरी. शेवटचं वाक्य असं: "बासरीवाला तोच होता की दुसरा, हे कळले नाही." मॅडमनी वाचलं आणि हिरव्या कपाटाची किल्ली काढली. वकीलसाहेबांनीही वाचलं. ते म्हणाले, जनरल म्हणून माणूस शिस्तीचा असावा, पण बासरीवाल्याचं प्रकरण त्यांना बरं वाटत नाही. दोघांचा एकाच रेकॉर्डवर आक्षेप असण्याची ही पहिलीच वेळ. दोघं जरा अवघडले आणि लगबगीने आपापल्या कामाला गेले.

दुपारपर्यंत सहा नावं लागली. पहिला दंतवैद्य. दुसऱ्याच दिवशी तो रेकॉर्ड घेऊन परत आला.

"चांगलं आहे हो व्हायोलिन," तो म्हणाला. "पण मला सारखी बासरीच ऐकू येत राहिली. तिथे बासरी नाहीये ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"हे तुम्ही लिहायला नको होतंत." तो जायला निघाला आणि दारातून वळला. "शनिवारी परत मिळेल का?"

रेकॉर्ड वाचली होती. पुढची दोन वर्षं तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पुढच्याने न्यायच्या आधी त्यांनी ती ऐकायच्या खोलीत लावली, दुसऱ्या कडव्यानंतर घड्याळाकडे पाहिलं. चौदा सेकंद. पूर्वी ह्या चौदा सेकंदांत त्यांना जिना उतरणारा माणूस दिसायचा, हातात पोस्टकार्ड जपून धरलेला. आजही तोच दिसला. फक्त तो खाली पोचला तेव्हा बागेच्या फाटकाशी आणखी कुणीतरी उभा होता, आणि त्याच्या हातात बासरी होती. बाईंनी सुई उचलून परत मागे नेली. व्हायोलिन तितकंच सुंदर होतं, हीच पंचाईत होती.

सोमवारी तपासणी झाली. पक्षी, टायपिंग आणि अग्निशामक दल रद्दीत गेले. बाई वही आवरायला बसल्या. शाळामास्तरणीच्या पानावर नऊ सह्या होत्या, नऊ वेळा "वाचले, समजले." शेवटची दहावी त्यांनी पाहिलीच नव्हती. ती शनिवारची होती, त्या ग्रंथालयात नव्हत्या तेव्हाची. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या की एक वृद्ध बाई आल्या होत्या, एकट्याच, रांगेत उभ्या राहिल्या, शेरा दोनदा वाचला. रेकॉर्ड मागितली नाही. वाचत असताना हातात एक रुमाल चुरगाळत होत्या.

अक्षर बाईंच्या ओळखीचं होतं. किराण्याच्या यादीत रोज दिसणारं. नणंदबाईंनी लिहिलं होतं, "वाचले. समजले नाही." आणि खाली पूर्ण सही.

घरच्या माणसांची नोंद धरायची नाही, असा नियम होता. बाईंनी ती मोजली, आणि बेरजेच्या जागी दहा लिहिले.