आर्द्रता ७८.४ टक्के

सरकारी नोकरीत माणूस कुठवर जाईल हे त्याच्या कामावर ठरत नाही. साहेबांची कोणती वस्तू त्याच्या घरी सांभाळायला आली, यावर ठरतं. कुणाकडे कुत्रं येतं, कुणाकडे पोपट. बेळगावातल्या खासबागच्या परशरामच्या वाट्याला ऑर्किड आलं.

परशराम खानापूरच्या एका कचेरीत हेडक्लार्क. बारा वर्षं रोज सकाळी बेळगावहून रेल्वेनं जायचं, दिवेलागणीला परत यायचं आणि वर्षातून एकदा बेळगावला बदलीचा अर्ज द्यायचा. (अर्ज आता इतका घोटून झाला होता की बाकीचे कर्मचारी तो नमुना म्हणून नेत.) यंदा साहेब तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला निघाले. निघताना त्यांनी एक काचेचं भांडं परशरामच्या हातात ठेवलं. भांड्यात झाडाच्या सालीचा तुकडा, सालीवर शेवाळ आणि शेवाळावर नखाएवढ्या पानांचं एक सरपटणारं ऑर्किड. सोबत तीन पानी सूचनापत्रक.

"मी परत येईन तेव्हा हे जिवंत दिसलं पाहिजे, परशराम. मग तुमच्या बदलीचं बघू."

पत्रक फारच उत्तम होतं. मुळं ओली ठेवावीत, पण भिजू देऊ नयेत. सुकू द्यावीत, पण वाळू देऊ नयेत. पाणी फिल्टरचंच द्यावं. वारा असावा, पण झाडाला लागू नये. आणि पहिल्या पानाच्या समासात साहेबांनी स्वतःच्या हातानं, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: ७८.४ टक्के. ही हवेतली आर्द्रता, हे परशरामला कुणी सांगावं लागलं नाही.

त्यानं आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. यंत्रानं बावन्न दाखवलं आणि त्या क्षणापासून त्या घराला चैन म्हणून पडली नाही.

हॉलमधला पंखा बंद झाला. बायकोची, म्हणजे मंगलची, शेगडी हॉलमध्ये आली, कुकरची शिट्टी ऑर्किडकडे तोंड करून. घरची ओली धुणी हॉलमध्येच वाळत पडली. तरी यंत्र एकसष्टला अडलं, तेव्हा शेजारच्या जयाबाईंना त्यांचीही धुणी इथंच वाळवावीत अशी नम्र विनंती झाली. (त्यांनी वर्षभराच्या वाकळा आणल्या.) माणसाच्या श्वासात वाफ असते, म्हणून पाहुण्यांना झाडाशेजारी बसवून चहा देण्यात येऊ लागला, त्यातही बोलक्या पाहुण्यांना प्राधान्य. उचगावचे मामा सीमाप्रश्नावर बोलायला लागले की एकटे तीन टक्के वाढवत. फिल्टरचं पाणी ऑर्किडला राखीव झालं. माणसं उकळून प्यायला लागली. इतकं करून यंत्र चौऱ्याहत्तरवर गेलं आणि तिथंच बसलं.

परशराम रोज नोंदवहीत लिही: स्थिती समाधानकारक. महिन्याभरानं पानं पिवळी पडली. नोंद झाली: पिवळसर समाधानकारक. दुसऱ्या महिन्यात मुळं काळी पडली. नोंद: काळपट समाधानकारक. तिसऱ्या महिन्यात वास यायला लागला, तेव्हा मात्र लेखणी थांबली. परशरामला जेवण जाईना. डोळ्यांपुढं सारखी तीच सकाळची रेल्वे येई, आणखी बारा वर्षं. माणूस पार खचला.

घरातल्या घरात चौकशी बसली. आणि पहिल्याच सुनावणीत उलगडा झाला.

त्यांच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो. आला की घरात तोंड असलेली एकही वस्तू रिकामी ठेवायची नाही, हा परशरामच्या आईचा, मालुबाईंचा, पन्नास वर्षांचा नेम. हंडे, कळश्या, बादल्या, कुकर, पिठाचे मोकळे डबे, देवाचा तांब्या आणि, आता भांडं घरात आलंच आहे म्हटल्यावर, ऑर्किडचं काचेचं भांडं. काठोकाठ. परशराम कचेरीत असताना भरायचं, तो यायच्या आत वापरून मोकळं करायचं. आजवर सोळा वेळा.

"आई, त्यात झाड हुतं गं."

"असंना. भांडंच की ते. नळ आला आणि भांडं मोकळं ठिवायचं व्हय? घरात बाई हाय का न्हाय म्हणतील लोक."

परशराम मटकन खाली बसला. "माझी बदली बुडाली, आई," म्हणाला आणि पोरासारखा रडला. बावन्नाव्या वर्षी, जयाबाईंच्या वाकळेखाली.

मालुबाईंनी ते कुजकं झाड उचलून डोळ्यांजवळ धरलं. "ह्येच्यापायी रडतोस? माझ्या म्हायेरी बांधावरच्या आंब्यावर लई हाय ह्ये. आमी बांडगूळ म्हणतो. शेरडं खात्यात."

रविवारी खानापूरच्या पुढं त्यांच्या माहेरी जाऊन मायलेकांनी वरच्या ऑर्किडसकट आंब्याची हातभर साल खरवडून आणली आणि तिचा तुकडा भांड्यात बसवला. त्या झाडाला जन्मात कुणी फिल्टरचं पाणी दाखवलं नव्हतं. ते टवटवीत होतं.

चार दिवसांनी साहेब आले. भांडं खिडकीपाशी नेऊन त्यांनी चष्मा चढवला. एका पानाची कड शेरडानं कुरतडलेली होती. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"आंबा?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय सर," परशराम म्हणाला.

"माझं फणसावरचं होतं. लोंढ्याकडचं." साहेबांनी भांडं खाली ठेवलं. "माझ्या आधीच्या साहेबांचं कशावरचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सहा जणांनी सांभाळलंय हे झाड, परशराम. प्रत्येकानं पुढच्याला देताना पत्रकाला अर्धं पान जोडलं. तुम्हीही जोडा. बदलीचं मी बघतो."

परशरामला धीर आला. "सर, एक चुकलं. आर्द्रता चौऱ्याहत्तरच्या वर गेली न्हाय. तुमचे ७८.४ काय जमले न्हाईत."

"कसले ७८.४?" साहेबांनी पत्रकाचा समास बघितला. "हे होय. पोराचे पीयूसीचे, बारावीचे, मार्क. फोन आलता, हाताशी हाच कागद होता."

बदली झाली. परशराम आता दुपारी घरी जेवायला जातो. पत्रक साडेतीन पानांचं झालं (नवीन कलम: नळाच्या दिवशी आईस झाडापासून दूर ठेवावे) आणि नव्यानं टाइप करताना समासातला मजकूर, तो साहेबांच्या हातचा असल्यामुळं, कलम एकमध्ये घेण्यात आला: आर्द्रता ७८.४ टक्के, अनिवार्य. प्रती तीन कचेऱ्यांत गेल्या आहेत. त्या कचेऱ्यांत सध्या धुणी आतच वाळतात. आकड्याबद्दल अजून कुणी शंका घेतलेली नाही.

तुम्ही तरी कुठं घेतलीत? मथळ्यातच वाचलात, समासात पुन्हा वाचलात, मान डोलावून पुढं गेलात. दशांशचिन्ह होतं ना त्यात.