आखूड हाताचा दम

रविवारी सकाळी साडेदहा वाजता शकुबाई डायनासोरच्या पोटात जाऊन बसली आणि तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. वीस वर्षं चिक्कीच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला फायबरचं पोट म्हणजे थंड हवेचं ठिकाणच. बसायला गुळाचा उपडा डबा होता, पुढ्यात डायनासोरच्या हाताला जोडलेला लोखंडी दांडा होता आणि डायनासोरच्या बरगडीत बोटभर भोक होतं. त्यातून बाहेरची गर्दी दिसत होती.

तिला आत बसवलं होतं तिच्या लेकीनं, पायलनं. कार्ल्याला जुन्या हायवेवर अमृतशेठचं चिक्कीचं दुकान आहे. मागच्या भट्टीवर शकुबाई गुळाचा पाक ढवळते आणि चिक्की लाटते. शेठनी गिऱ्हाईक खेचायला बाजूच्या मोकळ्या जागेत तीन मांसाहारी डायनासोर आणून उभे केले, आणि बीएस्सी झालेल्या पायलनं त्यांना कामाला लावलं. नुसते फोटो काढून लोक निघून जातात, त्यापेक्षा डायनासोरशी पंजा लढवू द्या, अशी तिची कल्पना.

पहिला कार्नोटॉरस. त्याचा हात नावालाच, म्हणून त्याला खेळण्यातली स्प्रिंग. बालवाडीतली पोरंसुद्धा त्याला पाडत. दुसरा ॲलोसॉरस, लांब हाताचा, त्याला जाड स्प्रिंग. जोर लावला की पडे. तिसरा टी-रेक्स, खाली वाकवून बसवलेला. धूड सगळ्यांत मोठं, हात मात्र आखूड, दोनच बोटांचा. पण त्याच्यामागे मोटर होती. पायलनं वर पाटी लावली होती : 'दिसायला आखूड, पण तिघांत दमदार. या हातानं दीडशे-दोनशे किलो वजन उचललं जात असावं, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.' शेवटी जाळीत एक जिवंत कोंबडी होती आणि तिच्यावर पाटी : 'या सगळ्यांची आजची नातेवाईक.'

शेठना तो आखूड हात डोळ्यांसमोर नको झाला होता.

"पायल, एवढं मोठं जनावर आणि हात बघ! लोक हसतात."

"हसू देत की शेठ. पाडून तर दाखवू देत."

"बरं, मग आजचा दिवस बघू. संध्याकाळपर्यंत कुणी पाडलं नाही, तर पाटीही राहील आणि या जागेची इन्चार्ज तू. पाडलं, तर उद्या मी त्याला चांगले लांब हात बसवणार आणि तू परत काउंटरवर चिक्की वजन करायला."

"चालेल," पायल म्हणाली. तिचा शास्त्रावर पूर्ण विश्वास होता. मोटरवरही होता, पण दहा वाजता मोटरीनं एकदा घरघर केली, डायनासोरच्या नाकातून धूर काढला आणि ती गप्प झाली. कामशेतला जळलेली मोटर भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याचं दुकान रविवारी बंद. पायल धावत भट्टीवर गेली.

"आई, आत बसून दांडा दाबशील? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

शकुबाईनं दांडा एकदा हलवून पाहिला. "एवढंच व्हय? पाक आळत आला की ह्याच्यापरीस जड लागतो."

शकुबाई उंचीनं बेताची. हात इतके आखूड की फळीवरचा डबा काढायला तिला स्टूल लागे. पण त्या हातांनी बारा वाजेपर्यंत पुण्याहून आलेली जिमवाली अकरा पोरं झोपवली, एक बुलेटवाला झोपवला आणि "मी फक्त बघायला आलोय" म्हणत बाह्या सरसावणारे एक मुख्याध्यापक झोपवले. तेही एकाच हातानं. दुसऱ्या हातानं ती पदराचा वारा घेत होती. अमृतशेठ पाटी पुन्हा पुन्हा वाचू लागले.

सव्वाबाराला तिनं भोकातून पाहिलं आणि तिचा वारा घ्यायचा हात थांबला. समोर तिचा नवरा उभा होता.

विठ्ठल रेल्वेत गँगमन. कान्हे ते मळवली रुळांवरची खडी त्याला ओळखायची. पंजात त्याला आजवर कुणी पाडलं नव्हतं आणि ही गोष्ट तो रोज एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचा. आज त्याच्याच गँगमधला केरबा त्याला मुद्दाम घेऊन आला होता. बायको भट्टीवर आहे, अशीच विठ्ठलची समजूत होती.

"हां, ह्योच का तो?" विठ्ठलनं टी-रेक्सचा हात धरून हलवला. "आरं, ह्यो हात हाय का शेवग्याची शेंग?"

"पप्पा, तुम्ही नका ना खेळू," पायल माइक खाली घेऊन म्हणाली. "खरंच नका."

"का गं? तुझं जनावर मोडंल म्हनून?"

"विठ्ठलभाऊ, ती कोंबडी बघा," केरबा ओरडला. "तिचा पाव्हणा हाय ह्यो!"

गर्दी हसली. अमृतशेठही हसले, आणि लांब हाताला किती खर्च येईल ते मनात ठरवायला लागले.

विठ्ठलनं पंजा लावला. आत शकुबाई पेचात पडली. हरावं तर पोरगी काउंटरवर जाते, जिंकावं तर नवऱ्याचं नाव जातं. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्यापुढे जोर असा कधी दाखवलाच नव्हता. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं, की ती पाठ फिरवून आधी ते ढिलं करी आणि मग म्हणे, "अवो, एवढं उघडून देता का?" तो ते फटकन उघडी आणि दिवसभर खुशीत असे. तसंच आत्ताही करावं, असं तिच्या मनात आलं. तिनं दांडा जरा सैल सोडला. डायनासोरचा हात झुकू लागला. पायलनं डोळे मिटले.

"बघा, बघा!" विठ्ठल गर्दीकडे वळून ओरडला. "आखूड हात म्हंजी बायकी हात! त्यात कसला आलाय दम?"

शकुबाईनं पदर खोचला. पाकाची कढई उतरवताना घेते तसा एक श्वास घेतला आणि दांडा दाबला. बांगडी दांड्याला लागून कट्कन फुटली. विठ्ठलचे डोळे क्षणभर मोठे झाले आणि त्याचा हात पुढ्यातल्या फळीवर जाऊन आपटला.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. केरबा तर पोट धरून खालीच बसला. "कोंबडीच्या पाव्हण्यानं पाडलं रं आमच्या पैलवानाला! म्या यीन पुढच्या रविवारी, म्या दाखवतो कसा लावत्यात पंजा!"

विठ्ठल मान खाली घालून निघून गेला. संध्याकाळी अमृतशेठनी पाटीखाली दोन खिळे जास्त ठोकले आणि पायलला इन्चार्ज केलं. पायलला आनंद झाला, पण बापाची मान खाली गेलेली तिनं पाहिली होती, त्यामुळे तो आनंद तिला धड साजराही करता येईना.

रात्री तिघं जेवायला बसली. विठ्ठल डाव्या हातानं भाकरी मोडत होता. शकुबाईनं ते पाहिलं. तिनं नेहमीसारखी पाठ फिरवली, लोणच्याच्या बरणीचं झाकण ढिलं केलं आणि बरणी त्याच्यापुढे धरली.

"अवो, एवढं उघडून देता का?"

विठ्ठलनं बरणी घेतली, पण उघडली नाही. तिच्या मनगटाकडे पाहत तो म्हणाला, "सकाळी चार बांगड्या व्हत्या."

"फुटली असंल भट्टीवर."

"भट्टीवर न्हाई. डायनासोरच्या पोटात वाजली. म्या ऐकली."

विठ्ठलनं बरणी गुडघ्यांत धरली, दुखऱ्या हातानं सगळा जोर लावून झाकण करकचून आवळलं आणि बरणी शकुबाईपुढे ठेवली.

"उघड."

शकुबाईनं एकदा लेकीकडे पाहिलं आणि एका पिळात झाकण उघडलं.

विठ्ठलनं ते झाकण उचलून उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजी चोवीस वर्सं?"

"व्हय," शकुबाई खाली मान घालून म्हणाली.

"आन् म्या सगळ्या गँगला सांगत फिरलो, आमच्या घरात बरणी उघडायला मीच लागतो."

पायल घाईनं म्हणाली, "पप्पा, चूक माझी आहे. मोटर उद्याच भरून आणते. पुन्हा आईला आत नाही बसवणार."

"थांब." विठ्ठलनं ताट जवळ ओढलं आणि लोणच्याची फोड वाढून घेतली. "मोटर भरायची ती सोमवारी भर न्हाईतर मंगळवारी भर. पर पुढच्या रविवारी ती काढून ठिव. केरबा येनार हाय. त्याला मोटरीच्या भरवशावर सोडू नगं, तुझ्या आईला बसव."