दुपारचा आकडा

"दोनशे अडतीस," नक्षीताईने यंत्रावरचा आकडा वाचला आणि पाठोपाठ म्हणाली, "काका, शपथेवर सांगते, मी काही खाल्लेलं नाही."

भट्टीकाकांनी तापलेला ट्रे टेबलावर ठेवला. "मी कुठे काय म्हणालो?"

खरंच ते काही म्हणाले नव्हते. पण केकच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस काही न म्हणताही बरंच म्हणतो. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या तीन मजली केककडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

नक्षीताई त्या दुकानात अकरा वर्षं केकवर साखरेची फुलं, पानं आणि वेलबुट्ट्या काढत होती. हात असा, की तिच्या गुलाबावर माशी फसायची. आता तिला चौतिसावा आठवडा लागला होता. पोट टेबलाला टेकायला लागल्यामुळे ती तिरकी उभी राहून नक्षी काढायची. आणि पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की गरोदरपणातला मधुमेह झाला आहे. आधीच्या तपासणीत साखर काठावर होती, आता काठ ओलांडून आत आली होती.

"दिवसभर साखरेत हात, मग दुसरं काय होणार!" असं निम्म्या गल्लीने म्हणून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की असं काही नसतं, हा गर्भाच्या वारेतून सुटणाऱ्या द्रव्यांचा खेळ आहे, त्यात आईचा दोष नाही. नक्षीताईने मान डोलावली. पण मनातून तिला वाटायचं ते वाटायचंच. बाळ अजून जगात आलं नाही आणि आपण त्याचं वाईट करून बसलो, या विचाराने तिला भाजी गिळवेना.

पथ्य तिने असं पाळलं, की काकडीलाही तिची दया यावी. सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. सकाळचा आकडा उत्तम. न्याहारीनंतरचा उत्तम. रात्रीचा उत्तम. फक्त दुपारी तीनचा, दुकानातला, तेवढा आभाळाला भिडायचा. आता यावरून कुणीही शहाणा माणूस जो अर्थ काढेल, तोच तिच्या घरच्यांनी काढला.

घरी वही तपासायला सासूबाई होत्या. त्यांनी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं होतं आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी सोमवारच्या दोनशे अडतीसभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. शेजारी सुनेने लिहिलेल्या 'जास्तीचं काही नाही' भोवती दुसरा गोल काढला.

"सकाळी चांगला, रात्री चांगला आणि दुकानात बिघडतो. मी काही बोलत नाही हं," त्या म्हणाल्या आणि पुढचा अर्धा तास बोलल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "अगं, प्रत्येक बिघाडाला कारण असतं," तो समजुतीने म्हणाला. "लिफ्ट तिसऱ्याच मजल्यावर अडकत असेल, तर तिसऱ्या मजल्यावरच काहीतरी असतं. तू मला खरं सांग. मी रागावणार नाही."

"काय खरं सांगू? नाही खाल्लं, हेच खरं आहे!"

"बरं. तुला सांगायचं नसेल तर राहू दे."

हे ऐकून तिला जे रडू आलं, ते थेट मोरीत जाऊन संपवावं लागलं.

मंगळवारी दोनशे एक्कावन्न आला. बुधवारी सकाळी सासूबाई पर्स, चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन सुनेबरोबर दुकानात आल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. त्यांनी तिचा डबा उघडून पाहिला, एप्रनचे खिसे उलटे करून पाहिले. मग सहा तास त्यांनी सुनेच्या तोंडावरची नजर हलवली नाही. दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा त्या नजरेने बिचकून नमुन्याचे तुकडे परत ठेवायला लागली. भट्टीकाकांनी सवयीने एक बिस्किट तोंडात टाकलं आणि मग अपराधी चेहऱ्याने बाहेर काढलं.

तीन वाजता नक्षीताईने पिठीसाखरेची चाळणी बाजूला ठेवली, हात एप्रनला पुसले आणि बोट टोचलं. दोनशे चव्वेचाळीस.

"आता बोला, आई! तुमच्यासमोरच होते ना मी? खाल्लं काही?"

सासूबाई गोंधळल्या. सहा तासांत सुनेच्या तोंडात पाण्याशिवाय आणि डब्याशिवाय काही गेलं नव्हतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण पस्तीस वर्षांचा अनुभव असा सहजासहजी हार मानत नाही.

"दीड वाजता माझा डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. "पाचच मिनिटं. तेवढ्यात साधलं असशील."

गुरुवारी सासूबाईंचे गुडघे स्टुलावर बसून आखडले होते, म्हणून त्या आल्या नाहीत. आणि गुरुवारीच नक्षीताईचा ताबा सुटला. तीनला पाच कमी होते. टेबलावर केकच्या कापून काढलेल्या कडा पडल्या होत्या, लोण्याचा वास येत होता. न खाता चोर ठरायचं, तर खाऊन तरी ठरू, असं तिच्या मनात आलं, आणि तिने एक चांगली जाड कड उचलून, कपाटाआड उभं राहून, दोन घासांत संपवली. पंधरा दिवसांनी तोंडात गोड गेलं होतं. तिला स्वर्ग दिसला आणि लगेच बाळही दिसलं. घास उतरायच्या आत तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात भट्टीकाकांची पावलं वाजली. ती धावत बेसिनशी गेली. ओठ धुतले, हात साबणाने कोपरापर्यंत घासले, नखं खरवडली, टॉवेलने खसाखसा पुसली. एक कण मागे ठेवला नाही.

"तीन वाजले गं. टोच," काका म्हणाले.

तिने टोचलं. आता पाचशे येणार, यंत्र फुटणार, असंच तिला वाटत होतं. आकडा आला एकशे बारा.

"अरे वा!" काकांनी टाळी वाजवली आणि तिला थांबवायच्या आत तिच्या घरी फोन केला. संध्याकाळी घरात सणासारखा आनंद होता. नवरा म्हणाला, "बघ, मनावर घेतलं की जमतं." सासूबाईंनी खास हिरवी पेन्सिल शोधून काढली आणि वहीत 'शाब्बास' लिहिलं.

नक्षीताई त्या शाब्बासकडे बघत बसली. न खाता तीन दिवस बोलणी खाल्ली आणि खाल्लं त्या दिवशी शाबासकी! कुणाला सांगायची सोय नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते तिला त्या दिवशी कळलं. शुक्रवारी तिने पुन्हा कडकडीत पथ्य पाळलं आणि दोनशे सत्तेचाळीस आला. हिरवी पेन्सिल परत पेटीत गेली.

शनिवारी तिघंही दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट चाळली. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"दुपारी इतकी साखर राहिली तर बाळाला त्रास होईल. आजच भरती करून इन्सुलिन सुरू करू. वेळ पडली तर बाळ दोन-तीन आठवडे आधी बाहेर काढावं लागेल. इन्सुलिन म्हणजे शिक्षा नाही हं, घाबरू नका. पण हा गुरुवार बघा. एकशे बारा! त्या दिवशी काय केलंत? तसंच रोज जमलं, तर आपण थांबू शकतो."

"गुरुवारी तिने मन घट्ट केलं," सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं.

नक्षीताईने वहीतल्या 'शाब्बास'कडे पाहिलं. गप्प राहिली तर डॉक्टर खोट्या वहीवर खरं औषध देणार होत्या. बोलली तर बाकीच्या दिवसांचं निर्दोषपण एका कडेत वाहून जाणार होतं. आतून बाळाने लाथ मारली. मारायलाच हवी होती.

"गुरुवारी मी केक खाल्ला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तेवढ्याच दिवशी खाल्ला. बाकीच्या दिवशी शिवलेसुद्धा नाही. खाल्ला तेव्हा चांगला आला आणि नाही खाल्ला तेव्हा वाईट. मला काही कळेनासं झालंय हो!"

नवऱ्याने आ वासला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. सासूबाई मात्र खुर्चीत सावरून बसल्या. त्यांच्या डोळ्यांत शाळेतली जुनी चमक आली.

"कधी खाल्लास?"

"तीनला पाच कमी असताना."

"मग चोरी लपवायला काय केलंस?"

"तोंड धुतलं. हात धुतले."

"कसे धुतलेस?"

"साबण लावून. कोपरापर्यंत. साखरेचा कण राहायला नको म्हणून."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी कशाला धुवायचे? नुसती पिठीसाखर तर असते हाताला. एप्रनला पुसते नि टोचते."

नक्षीताईने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या बोटांवर साखर होती. तिच्या धंद्यात कुणी साखरेला मळ म्हणत नाही. अंडं लागलं, लोणी लागलं की हात धुतात. साखर लागली तर तिला हात म्हणतात. घरी जेवल्यावर ती हात धुवायची, म्हणून घरचे आकडे खरे होते.

"कडेचा तो तुकडा पाच मिनिटांत रक्तात पोचलाच नसणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून पुन्हा खायचा नाही! पण यंत्राने रक्त कमी आणि बोटच जास्त मोजलंय. काखेत कळसा म्हणतात तो हा. खात्री करू. कुणी बोट देतं का?"

"माझं घ्या," सासूबाई म्हणाल्या. सहा तास पहारा करूनही न दिसलेली गोष्ट बोटाच्या टोकावर होती, हे त्यांना लागलं होतं. नवरा खाली चहाच्या यंत्रापाशी पळाला आणि साखरेची पुडी घेऊन आला. सासूबाईंनी साखरेत बोट घोळवून झटकलं. टोचलं. तीनशे बहात्तर.

"बघा!" नवरा ओरडला. "तिसऱ्या मजल्यावरच होतं!" मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "चुकलो मी. तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हतो."

भरती टळली. वहीत आठ दिवस पुन्हा आकडे घ्यायचे, हात धुऊन, असं ठरलं. नक्षीताईने पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटावर हात ठेवला, तोही न घाबरता.

"आता तुम्हीही हात धुऊन या," डॉक्टरीणबाई सासूबाईंना म्हणाल्या. "म्हणजे फरक दिसेल."

सासूबाई हात धुऊन आल्या. टोचलं. दोनशे सहासष्ट.

"साखर राहिली असेल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा धुऊन आल्या. दुसरं बोट पुढे केलं. दोनशे एकोणसत्तर.

तिसऱ्यांदा त्या कोपरापर्यंत धुऊन आल्या. दोनशे सत्तर.

"तुमची नीट तपासणी करावी लागेल," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "हल्ली गोड जास्त होतंय का?"

सासूबाईंनी पर्स छातीशी धरली. सुनेच्या डोळ्यांसमोर नको म्हणून पंधरा दिवस दुकानातून येणारे उरलेसुरले केक त्या एकट्या संपवत होत्या. टाकून द्यायचं म्हणजे अन्नाचा अपमान! हे नवऱ्याला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, कपाटातल्या रिकाम्या खोक्यांना माहीत होतं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत त्या टेबलाच्या या बाजूला कधी बसल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मी काही खाल्लं नाही गं," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

नवऱ्याने तोंड उघडलं. नक्षीताईने त्याच्या पायावर पाय ठेवला. मग तिने सासूबाईंच्या पर्समधून लाल पेन्सिल काढून स्वतःच्या पिशवीत टाकली, वहीचं नवं पान उघडून त्यावर सासूबाईंचा दोनशे सत्तर टाकला आणि शेजारी लिहिलं, 'जास्तीचं काही नाही.'

"नसेल खाल्लं, आई," ती म्हणाली. "उद्यापासून आपण दोघी बरोबरच टोचू."