नानांचं दाराचं गाणं

एका माणसाचं गाणं मी वांग्यांच्या पिशवीतून पळवलं होतं. कबूल करून टाकते. या वयात आता मला कोण पकडणार?

माणूस म्हणजे असोद्याचे सुकदेव नाना. जळगावच्या एका डाळमिलमध्ये हमाली करायचे, सायकलच्या कॅरिअरला एकतारी बांधलेली. गाणी स्वतःच रचायचे, स्वतःच म्हणायचे. रविवारी आमच्या ओट्यावर बैठक. नवं गाणं मागितलं की म्हणायचे, "अक्का, केळासारखं घडावरच पिकू द्या त्याले. पावडर टाकू नका." लग्नात कुणी माईक पुढे केला की उठून चालू लागायचे. "उसना गळा नई पाह्यजे!" तुरीच्या दाण्यावर त्यांचं एक गाणं होतं, भरडताना त्याच्या दोन फाकांची ताटातूट होते त्याचं. ते ऐकून आमच्या ह्यांना दोन दिवस वरण गिळवेना. तिसऱ्या दिवशी गिळलं. ह्यांचं दुःख तेवढंच टिकायचं.

मागाल ते गाणं नाना म्हणत, एक सोडून. ते फक्त स्वतःच्या दाराशी. त्यांच्या बायकोचे, शेवंताचे, डोळे लहानपणीच देवीत गेलेले. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरून नाना सुरू करायचे, आणि ती आतून कडी काढायला उठायची.

उजेड आला दारी, त्याले पाय माह्ये दोन,
न पाहता सांग बाई, आला हाये कोन?

मी तेव्हा पस्तिशीची. घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता आणि त्याच्याबरोबर मला अक्कलही आली, असा माझा समज. एवढं सोनं एका दारात पडून राहावं? म्हटलं, "नाना, ते टेप करू या."

"ते नई, अक्का. ते तिचं हाये."

मी शहाण्यासारखी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात भरिताच्या निमित्तानं असोद्याला गेले. पिशवीत खाली टेपरेकॉर्डर, वर वांगी. सांजवेळी, नाना परतायच्या सुमाराला, शेवंताजवळ बसून बटण दाबलं. खट्ट वाजलं.

"काय पडलं व अक्का?"

"वांगं," मी म्हटलं. आंधळ्या बाईला फसवायला मला तेवढंच सुचलं.

दिराच्या लग्नात ती कॅसेट मीच बँडमास्तरच्या हातात दिली. "आमच्या नानांची चाल आहे, होऊन जाऊ द्या!" झालं. क्लॅरिनेटवर, दुप्पट लयीत. वरात नाचली, सगळ्यांत पुढे मी. त्या उन्हाळ्यात जळगावपासून रावेरपर्यंत प्रत्येक वरातीत तीच चाल. पोरं ती शिट्टीवर घेऊन हिंडू लागली, असोद्याच्या गल्लीतसुद्धा.

नाना रविवारचे यायचे बंद झाले. मला वाटलं, माणूस मोठा झाला, आता आमचा ओटा कशाला आठवेल! काय बाई होते मी.

लग्नसराई सरता सरता एकदा आले. कॅरिअर रिकामं. ओट्याच्या कडेला टेकले. मी चहा पुढे ठेवला आणि तोंडभर हसून म्हटलं, "काय नाना, गावोगाव गाजताय! शेवंता खूश असेल."

नानांनी चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली, आणि बशी तशीच खाली ठेवली.

"अक्का, आता ती दिवसातून धा येळा दार उघडाले उठते."